एकाच जमिनीची दोन चित्रे: पवित्र शास्त्रातील सुबत्ता आणि ओसाडी शेजारी ठेवून कशी वाचावी

सुगीच्या उपासनेला वेदीपुढे ज्वारीची कणसे, उसाची मोळी, भोपळे आणि केळीचे घड मांडले जातात, पासष्टावे स्तोत्र वाचले जाते, आणि उपासना संपल्यावर अंगणात त्याच वस्तूंचा लिलाव होतो. ओसाड पडलेल्या देशाची वर्णने मात्र आपण उपवासाच्या दिवसांत काढतो, नाहीतर मृग कोरडा गेला की काढतो. अशा वाटणीमुळे वाचकाच्या मनात दोन वेगळे देश तयार होतात, एक हिरवा आणि एक करपलेला, आणि दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी या भागांत जे घरोघरी मराठीतून शास्त्राचा अभ्यास घेतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. यात सर्वत्र धरून ठेवायचे सूत्र असे आहे की शास्त्रकर्त्यांनी ओसाडीसाठी वेगळे रंग आणलेले नाहीत. द्राक्षवेल, अंजीर, कुंपण, खळे, पाऊस, गुरे, नांगर याच सामानातून त्यांनी दोन्ही चित्रे काढली आहेत, म्हणून एका चित्रातली वस्तू दुसऱ्यात शोधल्याशिवाय कोणतेच चित्र पुरते वाचले असे होत नाही.

सुरुवात लहान उताऱ्यापासून करावी, आणि त्यासाठी स्तोत्र १०७, ओवी ३३ ते ३८ यांच्यापेक्षा सोयीचा उतारा मला मिळालेला नाही. वहीचे एक पान उभे दुभागावे. डावीकडे, नद्यांचे रान होते, झऱ्यांची कोरडी भूमी होते आणि पिकाऊ जमिनीची खारवट जमीन होते, हे उतरवावे. उजवीकडे, रानाचे तळे होते, शुष्क भूमीत झरे फुटतात, भुकेले लोक तेथे वस्ती करतात, नगर बांधतात, शेते पेरतात, द्राक्षमळे लावतात आणि त्यांची गुरे कमी होत नाहीत, हे उतरवावे. मग वर्गाला फक्त क्रियापदे पाहायला सांगावीत. पाणी आटवणारा आणि पाणी आणणारा दोन्हीकडे देवच आहे, पण पेरणे, लावणे, बांधणे ही माणसांची क्रियापदे उजव्या बाजूलाच आली आहेत. डाव्या बाजूला तेथे राहणाऱ्यांची दुष्टता सांगितली आहे, काम एकही सांगितलेले नाही. ओसाड म्हणजे जेथे माणसाच्या हाताला काम उरले नाही अशी जागा, ही व्याख्या त्या पानावरून वर्ग स्वतःच काढतो आणि ती आपण सांगण्यापेक्षा त्यांनी काढलेली बरी.

त्या पानावरील ‘खारवट’ हा शब्द घाईने ओलांडू नये. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात ज्यांची शेते आहेत त्यांना क्षारपड जमीन समजावून सांगावी लागत नाही. पाणी वर्षानुवर्षे जास्त झाले, निचरा राहिला नाही, तर वर पांढरा थर येतो आणि तिथे कुंदासुद्धा नीट उगवत नाही. शास्त्रात मीठ हे सदोम आणि गमोरा यांच्या नाशाशी जोडलेले आहे. अनुवाद २९:२३ मध्ये गंधक, मीठ आणि जळीत असलेली, पेरणी न होणारी भूमी याच नगरांच्या उदाहरणाने सांगितली आहे. तरी आपल्या ऐकणाऱ्यांनी खारवट जमिनीची अशी जात पाहिली आहे की जी पाण्याच्या अभावाने झाली नाही, अतिरेकाने झाली, आणि ही जाणीव पुढे कामाला येते.

शब्दांची पारख

दुसरे काम शब्दांचे आहे, आणि ते आपल्या सीमाभागात इतरांपेक्षा अधिक जपून करावे लागते. शास्त्राच्या मराठी भाषांतरात ‘रान’ हा शब्द निर्जन प्रदेशासाठी वारंवार येतो. आपल्याकडे मात्र ‘रानात गेलाय’ याचा अर्थ शेतात गेला आहे असा होतो. रान म्हणजे आपली कसणुकीची जमीन. त्यामुळे ‘ओसाड रान’ हे शब्द ऐकताना एखाद्या आजींच्या डोळ्यांपुढे पडीक राहिलेले स्वतःचे शेत उभे राहते, तर शहरात वाढलेल्या नातवाला वाळवंट दिसते. मूळ इब्री शब्द ‘मिदबार’ या दोहोंपैकी कशाशीच तंतोतंत जुळत नाही. ज्या जागी शेती होत नाही पण मेंढरे चरायला नेता येतात, अशी ती जागा आहे. मोशे आपल्या सासऱ्याचा कळप घेऊन जातो तो याच शब्दाच्या जागी, आणि दाविदाचा वडील भाऊ ‘ती थोडीशी मेंढरे कोणाजवळ टाकून आलास’ असे खोचकपणे विचारतो तेव्हाही हाच शब्द आहे. आपल्या भाषेत याला सर्वांत जवळचा शब्द ‘माळ’ हाच होय. माळावर पावसाळ्यात गवत येते, मेंढपाळ उतरतात, आणि फाल्गुनात तोच माळ उघडा पडतो. हे डोक्यात बसले की पासष्टाव्या स्तोत्रात रानातील कुरणे समृद्धीने पाझरतात असे का म्हटले आहे याचा उलगडा होतो. वाळवंट डोळ्यांपुढे असेल तर ती ओळ निव्वळ अतिशयोक्ती वाटते.

ओसाड, उजाड, वैराण, भकास, पडीक हे शब्द आपण एकाच मापाने वापरतो, पण वर्गात ते वेगळे करून पाहावेत. गाव ओस पडते, म्हणजे माणसे गेलेली असतात आणि घरे उभी असतात. जमीन पडीक राहते, म्हणजे नांगर थांबलेला असतो आणि माती चांगली असते. मुलूख उजाड होतो, तेव्हा कोणीतरी तो उजाडलेला असतो. आपल्या मंडळ्यांत अनेकदा कोणी कन्नड सत्यवेद घेऊन बसलेले असते आणि त्याचा येथे चांगला उपयोग होतो, कारण कन्नडात पेरणी न केलेल्या जमिनीला ‘बीळु’ आणि नासधूस झालेल्या गोष्टीला ‘हाळु’ असे दोन सुटे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. प्रत्येक उताऱ्यात ‘हे बीळु आहे की हाळु?’ असा प्रश्न टाकला तर अर्धी चर्चा आपोआप होते. लेवीय २६:३४-३५ मध्ये तर ओसाडीचे वर्णन जवळजवळ ‘पड’ या अर्थाने आले आहे: लोकांनी दर सातव्या वर्षी जमिनीला जी विश्रांती द्यायची होती ती दिली नाही, म्हणून ते परदेशी नेले जातील तेव्हा जमीन आपले शब्बाथ भोगील. दुसऱ्या इतिहासाच्या शेवटच्या अध्यायात त्याच वचनाचा हिशेब सत्तर वर्षांचा लावलेला आहे. येथे माणसांची शिक्षा आणि मातीचा विसावा एकाच काळात चालतात.

पंचांग उलटे आहे

तिसऱ्या पायरीवर मी स्वतः चुकलो आहे, म्हणून ती विस्ताराने सांगतो. आपल्या मराठी शास्त्रात ‘आगोटीचा पाऊस’ आणि ‘वळवाचा पाऊस’ अशी जोडी येते. योएल २:२३ आणि अनुवाद ११:१४ ही तिची ठळक स्थळे आहेत. शब्द ओळखीचे असल्यामुळे मी एका वर्गात सहजपणे सांगून गेलो की वैशाखात वळीव येतो, जमीन भिजते, मग आगोट लागते आणि पेरणी होते, तसेच तिकडेही होत असेल. मागे बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने, ज्यांची जमीन अथणीकडे आहे, शांतपणे विचारले की मग शास्त्रात आगोट आधी आणि वळीव नंतर का लिहिला आहे. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

कनान देशात, म्हणजे इस्राएलाला वचन दिलेल्या भूमीत, वैशाखापासून भाद्रपदापर्यंत पाऊस जवळजवळ नसतोच. त्या महिन्यांत पिकाला आधार असतो तो दहिवराचा, आणि म्हणूनच संदेष्टा एलीया अहाब राजाला सांगताना ‘पाऊसही पडणार नाही, दहिवरही पडणार नाही’ असे दोन्ही बंद करतो. पहिला पाऊस येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकाच्या सुमारास. त्याने उन्हाने तडकलेली जमीन मऊ होते आणि नांगर चालतो. पेरणी त्यानंतर होते. हिवाळाभर पाऊस पडत राहतो, आणि मार्च-एप्रिलात येणारा शेवटचा पाऊस दाणा भरवतो. त्यानंतर आधी जवाची आणि मग गव्हाची कापणी, भाद्रपदाच्या सुमारास द्राक्षे, आणि शेवटी जैतून असा क्रम असतो. म्हणजे तिकडची ‘आगोट’ आपल्या परतीच्या पावसाच्या जागी येते आणि तिकडचा ‘वळीव’ पीक उभे असताना येतो. आपल्याकडील भातकरी खानापूरकराला हे वेळापत्रक परके वाटते, पण काळ्या जमिनीत परतीच्या ओलीवर रब्बी ज्वारी किंवा हरभरा पेरणाऱ्या अथणी-सौंदत्तीच्या शेतकऱ्याला ते लगेच समजते, आणि वर्गात असे कोणी असेल तर हा भाग त्यांनाच सांगू द्यावा. इस्राएलातील गेजेर येथे १९०८ साली सापडलेल्या, इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातील चुनखडीच्या लहान पाटीवर वर्षाचे महिने कामांच्या नावांनीच कोरलेले आहेत: गोळा करण्याचे दोन महिने, पेरणीचे दोन, उशिराच्या पेरणीचे दोन, मग जवस, जव, कापणी आणि मोजणी, द्राक्षवेलींची मशागत, आणि उन्हाळी फळांचा महिना. ती यादी फळ्यावर लिहून शेजारी आपले ‘मृग, आर्द्रा, हस्त’ लिहिले की कोणत्या उताऱ्यातील शेतकरी वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर उभा आहे ते कळते.

हे पंचांग नसेल तर काही वचने उलटी वाचली जातात. पहिला शमुवेल १२:१७ मध्ये शमुवेल गव्हाच्या कापणीच्या दिवसांत मेघगर्जना आणि पाऊस मागतो, आणि लोक घाबरतात. आपल्याकडे ज्येष्ठात मेघ गडगडले तर लोक आनंदाने दारात येतात, म्हणून हे भय आपल्याला कळत नाही. कापून पडलेल्या गव्हावर पाऊस म्हणजे वर्षभराचे अन्न कुजणे होय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुराने ज्यांची घरे आणि उभी पिके नेली, त्यांना मात्र हे एका वाक्यात उमगते. पावसाला आशीर्वादाच्या रकान्यात कायमचे बसवू नये. तो कधी आला, हे आधी विचारावे.

वचनदत्त देश जिरायत आहे

चौथ्या पायरीवर अनुवाद ११:१०-१२ वाचावा, आणि वाचण्यापूर्वी वर्गाला विचारावे की दुधामधाचा देश त्यांच्या मते बागायत आहे की जिरायत. बहुतेक जण बागायत म्हणतील. मोशे मात्र सांगतो की मिसर देशात तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्याप्रमाणे पायाने पाणी देत होता. ज्या देशात तुम्ही जात आहात तो डोंगरांचा आणि खोऱ्यांचा असून आकाशाच्या पावसाचे पाणी पितो. बागायत आहे ती गुलामगिरीच्या देशात, आणि वचनाचा देश कोरडवाहू आहे. हिडकल धरणाच्या कालव्यावर ज्यांचे रान भिजते आणि ज्यांचे केवळ ढगांवर अवलंबून आहे, असे दोन्ही प्रकारचे शेतकरी आपल्या वर्गात असतात, आणि त्यांच्यापैकी कोणाला रात्री झोप कमी लागते हे सर्वांना ठाऊक असते. पाटाचे पाणी फिरवणारा पाण्याचा हिशेब करतो, जिरायतदार आकाशाकडे पाहतो. सुबत्ता आणि ओसाडी यांची चित्रे इतकी टोकाची का आहेत याचे कारण मला येथे दिसते. ज्या जमिनीला कालवा नाही, तिला मधली अवस्था फारशी नसते.

यरुशलेमेत वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेला मृत समुद्राकडे उतरत गेले की पंचवीसएक किलोमीटरच्या आत तो शंभरावर, त्याहूनही खाली येतो. म्हणजे हिरवे आणि ओसाड ही दोन्ही दृश्ये संदेष्ट्यांना एका दिवसाच्या पायपिटीत दिसत होती. त्यांना ती कल्पनेने रचावी लागली नाहीत. आपल्यालाही ती रचावी लागत नाहीत. कणकुंबीला, जेथे मलप्रभा उगम पावते, तेथे पावसाळ्यात चार हातांवरचे दिसत नाही, आणि तीच नदी सौंदत्तीकडे पोहोचते तेव्हा दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी जमीन असते. अभ्यासवर्गाची एखादी सहल काढायची असेल तर जेरुसलेमच्या चित्रफिती दाखवण्यापेक्षा ही वाट दाखवावी.

याच प्रकाशात अब्राहामाचा पुतण्या लोट याची निवड पुन्हा वाचावी. उत्पत्ती १३:१० मध्ये तो यार्देनेच्या तळवटीकडे पाहतो आणि ती परमेश्वराच्या बागेसारखी, मिसर देशासारखी, सर्वत्र पाण्याची दिसते. त्याच ओवीत लेखकाने मध्येच टाकून दिले आहे की सदोम आणि गमोरा यांचा नाश होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. पुढे जे मीठ आणि गंधक होणार आहे तेच आज बागायत म्हणून निवडले जात आहे. एका ओवीत दोन्ही चित्रे बसवण्याचे याहून काटकसरीचे उदाहरण मला ठाऊक नाही.

आकडे मांडावेत

शेतकऱ्यांच्या वर्गात आकडे सोडून देणे म्हणजे गोष्टीचा गाभा सोडून देणे आहे. यशया ५:१० मध्ये दहा जोड्यांच्या द्राक्षमळ्यात एक बथ रस निघेल आणि एक होमेर बियाण्यात एक एफा धान्य येईल असे म्हटले आहे. जोडी म्हणजे बैलांच्या एका जोडीने दिवसभरात नांगरलेली जमीन. जुन्या पिढीला हे माप समजावण्याची गरज नाही. बथ म्हणजे साधारण बावीस लिटर. एका होमेरात दहा एफा असतात, म्हणजे दहा पोती बी टाकून एक पोते घरी आले. उत्पन्न कमी आले असे हे नाही. बियाणेही परत आलेले नाही. याच्या समोर उत्पत्ती २६:१२ ठेवावे, जेथे देशात दुष्काळ असताना इसहाक पेरतो आणि त्याच वर्षी शंभरपट मिळवतो. एक दशांश आणि शंभरपट ही दोन टोके फळ्यावर लिहून, मधल्या जागेत प्रत्येकाला आपल्या गेल्या हंगामाचा आकडा मांडायला सांगावे. लेवीय २६:५ आणि आमोस ९:१३ येथे सुबत्तेचे माप वेळेत दिले आहे: मळणी द्राक्षतोडणीपर्यंत आणि द्राक्षतोडणी पेरणीपर्यंत चालेल, नांगरणारा कापणी करणाऱ्याला गाठील. सुगी आटपत नाही तोच पुढची नांगरट दारात येणे, ही कटकट नव्हे, तो आशीर्वाद आहे, असे तेथे सांगितले आहे. मजुरांची वाट पाहत बसलेल्या आपल्या लोकांना यावर हसू येते, आणि येऊ द्यावे.

धातूंचाही एक बारकावा आहे. अनुवाद २८:२३ मध्ये आकाश पितळेसारखे आणि भूमी लोखंडासारखी होते. लेवीय २६:१९ मध्ये आकाश लोखंडासारखे आणि भूमी पितळेसारखी. अदलाबदल झाली तरी अर्थ तोच राहतो: वरून झिरपत नाही आणि खालून उगवत नाही. पण अनुवादाच्या आठव्या अध्यायात याच देशाचे दगड लोखंड आहेत आणि डोंगरांतून तांबे खणता येईल असे समृद्धीच्या यादीत लिहिलेले आहे. ज्या लोखंडाने श्रीमंती मोजली तेच पायाखाली कठीण होते.

उलटणाऱ्या प्रतिमा

आता वर्ग सरावला असेल, म्हणून अवघड उतारे काढावेत. योएल २:३ मध्ये टोळधाड येते तेव्हा तिच्यापुढे देश एदेन बागेसारखा आणि मागे ओसाड रान असतो. यहेज्केल ३६:३५ मध्ये लोक म्हणतात की ओसाड पडलेला हा देश एदेन बागेसारखा झाला आहे. उपमा तीच, दिशा उलटी. योएलच्या पहिल्या अध्यायात ढेकळांखाली कुजलेले बी, कण्हणारी गुरे आणि वाळलेली अंजिराची झाडे आहेत. दुसऱ्याच्या उत्तरार्धात कुरणे, झाडांची फळे आणि भरलेली खळी याच वस्तू क्रमाने परत येतात. एकेका वस्तूला रेघेने जोडत गेले की दोन अध्याय एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखे दिसू लागतात. यशयाच्या तेहतिसाव्या अध्यायात लबानोन कोमेजतो, शारोन मैदान वाळवंटासारखे होते, कर्मेल पाने झाडतो. दोनच अध्याय पुढे, पस्तिसाव्यात, रानाला लबानोनचे वैभव आणि कर्मेल व शारोन यांची शोभा मिळते. मधल्या चौतिसाव्यात अदोमाच्या ओसाड वाड्यांत कोल्हे राहतात, आणि पस्तिसाव्यात कोल्ह्यांच्या त्या जागी लव्हाळे आणि बोरू उगवतात. हे तीन अध्याय एकाच बैठकीत वाचावेत. आठवड्याने तोडले तर कोल्हे हरवतात.

दूध आणि मध यांच्याविषयी आपण फार निश्चिंत असतो. यशया ७:२१-२५ वाचून ती निश्चिंती ढवळावी. तेथे देशात उरलेला माणूस एक कालवड आणि दोन मेंढ्या राखतो, दूध भरपूर होते, आणि तो दही व मध खातो. ऐकायला सुबत्ता वाटते. पुढच्याच ओव्यांत कारण कळते: जेथे हजार रुप्यांच्या हजार द्राक्षवेली होत्या तेथे काटेकुसळे माजली आहेत, कुदळीने खणले जाणारे डोंगर आता गुरे मोकळी सोडण्याच्या कामाचे राहिले आहेत, आणि माणसे धनुष्यबाण घेतल्याशिवाय तेथे जात नाहीत. शेती संपली म्हणून चराई वाढली, आणि चराई वाढली म्हणून दूध वाढले. आपल्या डोंगरकडील ज्या गावांतून तरुण पुण्या-मुंबईला आणि गोव्याला गेले, तेथे बांधावर गवत छाती एवढे होते आणि म्हातारी माणसे दोन म्हशींवर राहतात. त्या घरी ताक पोटभर मिळते. त्याला सुबत्ता म्हणावे का, हा प्रश्न मी वर्गात मोकळा सोडतो.

नांगराचेही तसेच आहे. नांगर चालणे हे भरभराटीचे चिन्ह, पण मीखा ३:१२ मध्ये सियोन शेताप्रमाणे नांगरली जाईल असे भविष्य आहे. शहरावर नांगर फिरणे म्हणजे शहर मिटणे. हे समजावायला मराठीत तयार शब्दप्रयोग आहे. पुण्यावर आदिलशाही सरदाराने गाढवाचा नांगर फिरवल्याची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि तेवढे आठवून दिले की मीखाच्या ऐकणाऱ्यांना काय वाटले असेल ते निराळे सांगावे लागत नाही.

यिर्मया ४:२३-२६ मोठ्याने वाचण्याचा उतारा आहे. ‘मी पाहिले’ असे चार वेळा येते, आणि प्रत्येक वेळी वाचणाऱ्याने एक श्वास थांबावे. पृथ्वी आकारहीन आणि शून्य, आकाशात प्रकाश नाही, डोंगर थरथरतात, माणूस नाही, पाखरे उडून गेली, पिकाऊ भूमीचे रान झाले. पहिले दोन शब्द, ‘तोहू’ आणि ‘बोहू’, उत्पत्तीच्या दुसऱ्या ओवीतले आहेत. सृष्टीची उभारणी ज्या क्रमाने झाली तिचे उसवणे येथे पाहायला मिळते. त्याआधी उत्पत्तीचा पहिला अध्याय कोणाकडून तरी वाचून घ्यावा, भाष्य करू नये.

दोषारोपाची घाई

या अभ्यासातला सर्वांत मोठा धोका मला असा दिसतो की ओसाडीचे वचन वाचून झाले की कोणीतरी शेजारच्या गावाकडे बोट दाखवते. अनुवाद आणि लेवीय यांत आज्ञाभंग आणि अनावृष्टी यांचा संबंध स्पष्ट आहे आणि तो लपवू नये. पण तो बोलणारा नेहमी स्वतःच्या लोकांशी बोलत आहे. आमोस ४:७ मध्ये एका नगरावर पाऊस पडतो आणि दुसऱ्यावर पडत नाही. वळवाविषयी गावाकडे म्हणतात की बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, आणि कोरड्या शिंगाने काय पाप केले असे कोणी विचारत नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. ईयोब ३८:२६ मध्ये तर जेथे एकही माणूस राहत नाही अशा रानावर पाऊस पाडला जातो. तो कोणाच्या पुण्याईचा? उलट बाजूने लूक १२ मधील धनवानाची जमीन भरघोस पिकते आणि तो कोठारे मोडून मोठी बांधायला निघतो, त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. पूरग्रस्त किंवा दुष्काळात पोळलेले कोणी वर्गात बसले असेल तर हे चार उतारे आधी वाचावेत, शापाची वचने नंतर. हबक्कूक ३:१७ त्यांनाच वाचू द्यावे.

शेवटच्या बैठकीसाठी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय राखून ठेवावा, आणि आदल्या आठवड्यात सांगून ठेवावे की येताना प्रत्येकाने घरातील एखादे जुने खरेदीखत किंवा शेताचा उतारा आणावा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ येऊन अनाथोथ येथील शेत घेण्याची विनंती करतो. ते शेत त्या वेळी शत्रूच्या ताब्यातील मुलखात आहे. यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खत लिहितो, मोहोर लावतो, साक्षीदार घेतो, आणि मोहोरबंद प्रत व उघडी प्रत अशा दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. आपापल्या कागदावर विक्रेता, किंमत, चतुःसीमा, साक्षीदार आणि तारीख शोधून ती या अध्यायाशी ताडून पाहायला वर्गाला अर्धा तास द्यावा. मग त्रेचाळिसावी आणि चव्वेचाळिसावी ओवी हळू वाचावी: हा देश ओसाड आहे, येथे माणूस नाही आणि जनावर नाही असे ज्याविषयी लोक म्हणत आहेत, त्यातच शेते विकत घेतली जातील, खते लिहिली जातील, मोहोरा लागतील, साक्षी होतील, बन्यामिनाच्या भागात, यरुशलेमेच्या आसपास, यहूदाच्या नगरांत, डोंगराळ मुलखातील, तळवटीतील आणि दक्षिणेकडील नगरांत.